आधी बिल्ड, मग विंडोज

ताई, नमस्कार.

मी सांगलीत पाच जणांच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालणारा प्रोग्राम आम्ही देतो. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन वाचायचं, रिकामा होऊन आला की पुन्हा वाचायचं आणि शेतकऱ्याची पावती मराठीत छापायची. आमच्या सरांनी २००१ मध्ये व्हिज्युअल सी++ ६ मध्ये, एमएफसी ही मायक्रोसॉफ्टची तयार कोडची लायब्ररी वापरून तो लिहिला. अजून तोच चालतो.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. एका कारखान्याचे नऊ पीसी विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून त्यांनी लिनक्सवर मागितलंय. मी तीन महिने रात्री बसून क्यूटी या विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालणाऱ्या लायब्ररीत सगळं नव्यानं लिहायला घेतलं. चाचणीत वजन चुकीचं आलं, कारण जुन्या कोडमधली 'स्लीप(४००)', म्हणजे ४०० मिलिसेकंद थांब, ही ओळ मला निरर्थक वाटली आणि मी ती काढून टाकली होती. सर सगळ्यांसमोर ओरडले. ते म्हणतात, "विंडोज कुठं पळून चाललंय? आयत्या लायब्ऱ्या मिळतात त्या वापर." मला वाटतं, एका कंपनीच्या लायब्ऱ्यांवर इतकं विसंबणं म्हणजे भाड्याच्या घरावर माडी चढवणं. शेवटचं बिल्डसुद्धा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणं, सरांच्या जुन्या पीसीवरच होतं, दुसरीकडे होत नाही, पण तो वेगळा विषय. नव्यानं लिहायचा हट्ट धरू, की नोकरी सोडू?

— सांगलीचा एक वाचक

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'तो वेगळा विषय' म्हणून कडेला ठेवलंय. प्रोग्राम फक्त सरांच्या जुन्या पीसीवर बिल्ड होतो. तिथं मी थांबले आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. एमएफसी की क्यूटी, विंडोज की लिनक्स, हे वाद नंतरचे. आज रात्री वीज गेली-आली आणि त्या पीसीची हार्ड डिस्क बसली, तर उद्या सकाळी तुमच्याकडे विंडोजचाही प्रोग्राम नाही. तयार एक्झी, म्हणजे चालणारी फाइल असेल, पण त्यातलं एक अक्षर बदलता येणार नाही. कारखान्यानं पावतीवर एक रकाना वाढवून मागितला तरी हात वर करावे लागतील.

तेव्हा थेट सांगते. नव्यानं लिहायचा हट्ट सोडा. नोकरी या कारणासाठी सोडू नका. आधी बिल्ड त्या पीसीतून बाहेर काढा. ते झालं की लिनक्सचा रस्ता तुम्हाला आज वाटतो त्यापेक्षा खूपच जवळचा निघेल, आणि सरांशी भांडायचं कारणही बरंचसं उरणार नाही.

सरांचं म्हणणं आधी घेते, कारण ते तुम्हाला वाटतं तितकं चुकीचं नाही. जुने प्रोग्राम चालू ठेवण्याची जी शिस्त मायक्रोसॉफ्टनं पाळली, तशी फार थोड्यांनी पाळली. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. ते लिहायच्या साधनाचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला, पण त्यात तयार झालेले प्रोग्राम विंडोज ११ वर आजही उघडतात. ॲपलनं मात्र २०१९ मध्ये कॅटालिना ही मॅकची आवृत्ती आणली आणि मॅकवरचे ३२-बिट प्रोग्राम एका फटक्यात बंद पडले. कार्बन या जुन्या लायब्ररीवर उभी असलेली कितीतरी कामं त्यात गेली. लिनक्सच्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. जीटीके २ या लायब्ररीवर बेतलेल्या खिडक्या २०११ मध्ये जीटीके ३ वर आणि २०२० नंतर जीटीके ४ वर नेताना लोकांनी किती रात्री घातल्या, ते कुणालाही विचारा. लायब्ररीचा सोर्स (मूळ कोड) उघडा आहे म्हणजे ती स्थिर आहे, असं धरून चालू नका. भाड्याच्या घराची तुमची उपमा मला आवडली, पण पंचवीस वर्षं ज्या मालकानं घर सोडायला सांगितलं नाही, त्याच्याबद्दल सरांना विश्वास वाटला तर त्यांचं काय चुकलं?

सरांच्या नजरेतून सुटतंय ते दुसरंच. विंडोज जागेवर राहतं आणि भोवतालचं सगळं हलतं. कंपायलर (कोडचा प्रोग्राम करणारं साधन) जुना होतो, पीसी जुना होतो, गिऱ्हाईक बदलतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, आणि कारखान्याला नऊ धडधाकट पीसी भंगारात घालायचे नाहीत. यात तुमच्या प्रोग्रामचा काही दोष नव्हता, तरी प्रश्न तुमच्या दारात आला.

मी पुण्यात एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे आलेख काढणारं आमचं सॉफ्टवेअर होतं. आलेखासाठी परदेशातल्या एका छोट्या कंपनीचा तयार कंट्रोल, म्हणजे प्रोग्राममध्ये बसवायचा भाग, विकत घेतलेला. ओसीएक्स, म्हणजे डीएलएल फाइलचाच एक प्रकार, ३२-बिट, सोर्स नाही. आलेख फार सुरेख काढायचा, त्यामुळे सगळे खूश. काही वर्षांनी ती कंपनी बंद पडली, आणि पुढच्याच वर्षी आमच्या गिऱ्हाइकाला ६४-बिट हवं झालं. ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल लोड होत नाही, तिथं विनवण्या चालत नाहीत. मी शोध घेतला तेव्हा त्या कंट्रोलचं नाव आमच्या ६३ फायलींमध्ये सापडलं. प्रत्यक्ष आलेख काढणाऱ्या फायली होत्या चार. उरलेल्या ५९ फायलींनी त्याचे रंगांचे आकडे, त्याची तारीख ठेवायची पद्धत, त्याचे एरर कोड उचलले होते, कारण ते हाताशी होतं. दुसरी लायब्ररी बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि त्या ५९ फायली धुवायला आठ महिने.

तेव्हापासून कुठलीही लायब्ररी घेताना मी पहिला प्रश्न हा विचारते: हिचं नाव माझ्या किती फायलींना कळणार आहे? ती कुणाच्या मालकीची आहे हे मी त्यानंतर बघते. तुम्हीही आज जेवणाच्या सुट्टीत एवढं करा. सगळ्या सोर्समध्ये 'सीस्ट्रिंग', 'सीटाइम' आणि 'एएफएक्स'नं सुरू होणारी एमएफसीची नावं शोधा आणि फायली मोजा. खिडक्यांच्या फायलींमध्ये ती असणारच, असू देत. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करणाऱ्या फाइलमध्ये ती किती वेळा येतात, तो आकडा वहीत लिहून ठेवा. तुमचं काम केवढं आहे ते त्या आकड्यावरून कळेल.

आता ते चारशे मिलिसेकंद. तुमचं पत्र वाचताना माझा जीव तिथं अडकला.

ट्रॉली काट्यावर चढते. डिझेल इंजिन चालूच असतं, ऊस रचलेला असतो ट्रॉलीच्या दुप्पट उंच, तो डुलतो. इंडिकेटरवरचे शेवटचे दोन आकडे खालीवर होत राहतात. सरांच्या कोडमध्ये काय असणार हे मी अंदाजानं सांगते: एक वजन वाचायचं, ४०० मिलिसेकंद थांबायचं, पुन्हा वाचायचं, दोन्ही जुळली तरच पावतीवर घ्यायचं. हा ४०० आकडा कुठल्याही पुस्तकात नाही. कुठल्या तरी कारखान्याच्या गेटवर, पहाटेच्या थंडीत, ट्रॅक्टरच्या रांगेशेजारी उभं राहून तो मिळवलेला आहे. आधी २०० घालून पाहिले असतील, मग ३००. त्या आकड्याचा विंडोजशी काडीचा संबंध नाही. पण तो लिहिला गेला विंडोजच्या शब्दांत, 'स्लीप' म्हणून, म्हणून विंडोज बाहेर काढताना तुम्ही तोही बाहेर काढलात. ओळ काढली ही चूक तुमची. त्या ओळीवर एका वाक्याची टीप नव्हती, ही चूक सरांची.

आणि ही चूक साधी नव्हे. शेतकऱ्याच्या हातात वर्षभराच्या कष्टांचा पुरावा म्हणून तो एक चिटोरा येतो. काटामारीचा संशय गावोगाव बोलला जातो. खरं वजन छापणं ही तुमच्या प्रोग्रामची एकमेव अब्रू आहे. सर सगळ्यांसमोर ओरडले ते वाईटच, पण कशासाठी ओरडले ते लक्षात घ्या.

पोर्टिंग (प्रोग्राम दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेणं) म्हणजे नेमकं काय, ते त्या ओळीत सापडतं. जे तुमचं आहे आणि जे प्लॅटफॉर्मचं आहे, ते इतकी वर्षं एकत्र कालवलं गेलंय. ते निवडून वेगळं करायचं, तांदळातून खडे निवडावेत तसं, सावकाश. त्या ओळीला 'काटा स्थिर होईपर्यंत थांब' अशा अर्थाचं नाव असलेलं फंक्शन करा. ४०० हा आकडा सेटिंगमध्ये न्या, कारण दुसऱ्या कारखान्यात काटा दुसरा असेल. आत थांबायला सी++११ पासून भाषेच्याच लायब्ररीत सोय आहे, ती विंडोजवर आणि लिनक्सवर एकच आहे. दहा मिनिटांचं काम, आणि सरांचं पहाटेचं जागरण जपलं गेलं.

ही निवड करण्याची अडचण जुनीच आहे. बेल लॅब्जमध्ये १९७३ साली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. नंतर तिथल्याच डेनिस रिची, केन टॉम्पसन आणि स्टीव्ह जॉन्सन यांच्या लक्षात आलं की सी नव्या मशिनवर नेणं फारसं अवघड नाही. अडतं ते तिथल्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमशी जुळवून घेताना. मग त्यांनी युनिक्सच उचलून इंटरडेटा ८/३२ या मशिनवर नेलं, आणि जॉन्सननी त्यासाठी नव्या मशिनकडे सहज वळवता येईल असा कंपायलर लिहिला. तुम्हाला ती चैन नाही, ऑपरेटिंग सिस्टिम कारखाना ठरवणार. पण निरीक्षण तेच लागू पडतं. तुमचं सी++ दोन्हीकडे जाईल, भोवतालचं सामान जाणार नाही. भाषा स्वतः पोर्टेबल असली तरी सुटका होत नाही: जावा तर 'एकदा लिहा, कुठेही चालवा' म्हणूनच आलं होतं, तरी मायक्रोसॉफ्टनं आपल्या जावात विंडोजपुरत्या सोयी घातल्या, जावा बनवणाऱ्या सन कंपनीनं १९९७ मध्ये दावा लावला आणि २००१ मध्ये दोन कोटी डॉलरवर तो मिटला. ज्यांनी त्या सोयी वापरल्या त्यांचं जावा विंडोजलाच चिकटून राहिलं.

त्याच जॉन्सनची आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या बिल्डशी थेट जोडलेली आहे. एका सकाळी ते अगदी बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसले. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. ते वैतागून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले, आणि त्यातून १९७६ मध्ये 'मेक' जन्मलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचं, म्हणजे काय पुन्हा बांधायचं ते माणसाला आठवावं लागत नाही. बिल्ड टूलचा सगळा अर्थ एवढाच आहे. सरांच्या डोक्यात आणि त्यांच्या पीसीच्या कानाकोपऱ्यात जे साठलंय, ते कागदावर उतरवणं. (मेकमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, ही कटकटही तेव्हाचीच. फेल्डमनना लवकरच ती खटकली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची मोडतोड नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. जगाला ती अजून पुरते आहे. बिल्डच्या फायली विचार करून लिहा, त्या फार जगतात.)

तुमच्यासाठी मी सीमेक हे बिल्ड टूल सुचवेन. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं वैद्यकीय प्रतिमांच्या एका टूलकिटला पैसा दिला होता. ते विंडोजवर आणि युनिक्सवर सारखंच बांधता यावं म्हणून किटवेअर कंपनीनं २००० च्या सुमारास सीमेक तयार केलं. म्हणजे तुमचीच अडचण. आणि सरांना हे जरूर सांगा: सीमेक घेण्यासाठी एमएफसी सोडावं लागत नाही. 'सीमेक_एमएफसी_फ्लॅग' नावाचा एक व्हेरिएबल आहे, तो लावला की सीमेक एमएफसीचा प्रोग्राम बांधून देतं. आजच्या व्हिज्युअल स्टुडिओतही एमएफसी मिळतं, इन्स्टॉल करताना त्याच्यासमोर वेगळी खूण करावी लागते, एवढंच.

कामाचा क्रम हंगाम ठरवेल. गळीत हंगाम चालू असताना काट्यावरच्या पीसीला हात लावायचा नाही, कितीही खात्री असली तरी. तोवर त्या कारखान्याला सांगा की काट्याचे पीसी इंटरनेटपासून तोडून फक्त आतल्या नेटवर्कवर ठेवा. वजन घ्यायला इंटरनेट लागत नाही. अगदीच घाई असेल तर आजचीच एक्झी लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) चालते का ते ऑफिसात बसून बघा. वाइन १९९३ पासून बनतंय, १.० यायला २००८ उजाडलं, आणि साध्या एमएफसी प्रोग्रामांना ते बऱ्यापैकी सांभाळतं. वाइनमधला कॉम पोर्ट, म्हणजे काटा ज्याला जोडतात तो, लिनक्सच्या पोर्टला जोडताही येतो. मी तो कायमचा उपाय मानत नाही, पण एका हंगामाची उसंत त्यातून मिळू शकते.

ऑफिसात मात्र आजपासून सुरू करा. सगळा सोर्स गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात टाका. एक जुना पीसी कोरा करून विंडोज घाला आणि सरांच्या पीसीला न विचारता, एका कमांडनं बिल्ड करायचा प्रयत्न करा. पहिले दोन दिवस नुसती नन्नाची यादी मिळेल. एखादी हेडर फाइल सरांच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये असेल, एखादी लिब फाइल कुठल्या सीडीवरून आलेली असेल, कुठे 'डी ड्राइव्ह' असं थेट लिहिलेलं असेल. त्या यादीतली एकेक ओळ म्हणजे सुटलेला एकेक धोका समजा. नवा कंपायलर काही ओळींवर अडेल. व्हिज्युअल सी++ ६ मध्ये 'फॉर'च्या कंसात जाहीर केलेला 'आय' लूप संपल्यावरही जिवंत राहायचा, आणि त्या काळचा बहुतेक कोड त्याचा फायदा घेतो. हे सगळं दुरुस्त होतं. बिल्ड झालं की गेल्या हंगामातल्या शंभर-दोनशे खऱ्या पावत्यांची माहिती जुन्या आणि नव्या दोन्ही एक्झीमधून काढून ताळा करा. अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. तुमच्या क्यूटीच्या प्रयोगात हाच ताळा राहिला होता.

मग सीमेकमध्ये दोन भाग पाडा: एक गाभा, एक खिडकी. गाभ्यात वजनाचा हिशेब, पावतीचा मजकूर, नोंदी ठेवणं. त्यात विंडोजची एकही हेडर फाइल येता कामा नये. खिडकी आज आहे तीच, सरांची, एमएफसीची. आणि लिनक्सवर आधी फक्त गाभा जीसीसी या कंपायलरनं बांधायचा. तिथं खिडकी नाही, काटा नाही, नुसता हिशेब. लपलेल्या समजुती इथं बाहेर पडतात. फाइलनावातला कॅपिटल-स्मॉलचा घोळ विंडोजला चालतो, लिनक्सला चालत नाही. वाइड कॅरेक्टर विंडोजवर दोन बाइटचं, लिनक्सवर चार.

सगळ्यात घातक आहे 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार. ६४-बिट विंडोजवर तो चार बाइटचा असतो, ६४-बिट लिनक्सवर आठ. सरांनी २००१ मध्ये पावतीचं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये लिहायची पद्धत ठेवली असेल (तेव्हा सगळेच ठेवायचे), तर लिनक्सवर तीच फाइल वाचताना पहिल्या पावतीचा हिशेब बरोबर दिसेल आणि दुसरीपासून कचरा, किंवा पहिल्यातच पोत्यानं शून्यं. ३२-बिट म्हणून ठरलेले पूर्णांक प्रकार भाषेत आहेत, ते वापरा. वजन किलोत आणि पैसे पैशांत, पूर्णांकांतच ठेवा. जुना ३२-बिट कंपायलर अपूर्णांक प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ पद्धतीनं मोजायचा, नवा ६४-बिट एसएसईवर मोजतो, आणि शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. १७.६४० टनाचं १७.६३९ झालेलं शेतकऱ्याला कसं समजावणार?

काट्याचा पोर्ट हे खरं प्लॅटफॉर्मचं काम, तिथं दोन वेगळ्या फायली लिहा आणि अपराधी वाटून घेऊ नका. विंडोजवर सरांचा आहे तोच कोड. लिनक्सवर पोर्ट रॉ मोडमध्ये उघडा, नाहीतर तो ओळ संपायची वाट बघत बसेल आणि इंडिकेटरला त्याचेच आकडे परत पाठवेल. प्रोग्राम चालवणारा युजर उबुंटूवर 'डायलआउट' गटात नसेल तर पोर्ट उघडणारच नाही. यूएसबी कन्व्हर्टर काढून घातला की पोर्टचा नंबर बदलतो, तो आयडीवरून पकडा. यातलं काही अवघड नाही.

पावतीवर मात्र वेळ द्या. तुमच्या पावतीवर 'शेतकऱ्याचे नाव' असं छापलेलं असेल. त्यातला 'ऱ्या' नीट बघा. हा अर्धा र हिंदीवाल्यांना लागत नाही, त्यामुळे तो चुकला तर आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. चुकला की 'शेतकर्याचे' होतं, य च्या डोक्यावर रफार. दोन्ही तऱ्हा बरोबर छापल्या गेल्या तरी शोधताना दोन वेगळे शब्द ठरतात, आणि एकाच माणसाची, एकाच कऱ्हाडची दोन खाती तयार होतात. डेटा जुन्या फाँटच्या संकेतात असेल तर एकदाच सगळा युनिकोडमध्ये आणा, मूळ प्रत जपून ठेवा, आणि या 'ऱ्या'साठी एकच तऱ्हा ठरवून टाका.

अक्षरं जुळवायचं काम विंडोजवर युनिस्क्राइब करतं आणि लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ. दोघांचं दरवेळी एकमत होईलच असं नाही. लिबरऑफिसनं हा त्रास बरीच वर्षं काढला. विंडोजवर एक इंजिन, मॅकवर दुसरं, लिनक्सवर तिसरं. शेवटी २०१७ मध्ये, ५.३ आवृत्तीत, त्यांनी सगळीकडे हार्फबझच आणलं. प्लॅटफॉर्मची आयती, उत्तम लायब्ररी हाताशी असताना ती सोडून एक सामायिक लायब्ररी सोबत नेणं कधी योग्य ठरतं, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. तुम्हीही पावती दोन्हीकडे हार्फबझनंच जुळवा आणि फाँट प्रोग्रामबरोबर द्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' फाँट मोफत परवान्यात मिळतो, बारीक आकारातही वाचता येतो. नोंदींसाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस घ्या: सगळा सोर्स एका सी फाइलमध्ये मिळतो, मालकी हक्काची अट नाही, आणि बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळायचं ठरवलेलं आहे.

क्यूटीवर तुमचा जीव आहे, तर ते शेवटी, नुसत्या खिडकीसाठी वापरा. चांगली लायब्ररी आहे. पण तिलाही घरमालक आहेत. नॉर्वेच्या ट्रोलटेककडून ती २००८ मध्ये नोकियाकडे गेली, २०१२ मध्ये डिजियाकडे. २००९ पासून ती एलजीपीएल परवान्यात मिळते, त्या अटी तुमच्यासारख्या कंपनीला पाळता येतात, पण आधी वाचा. खिडकी दोन-तीन फायलींत बंदिस्त असली की उद्या तीही बदलता येईल. तीन महिन्यांची तुमची मेहनत वाया गेलेली नाही. त्या खिडक्या जपून ठेवा, गाभा तयार झाला की त्याच वापरात येतील.

सरांशी बोलताना क्यूटीचं नाव काढू नका, मालकीच्या लायब्ऱ्यांवर भाषण देऊ नका. २००१ मध्ये सांगलीत बसून, इंटरनेट मिनिटांच्या हिशेबानं मिळत असताना, त्या माणसानं आयत्या लायब्ररीच्या जोरावर पंचवीस वर्षं चालणारी वस्तू उभी केली. त्यांना तुमचं बोलणं 'तुमचं काम टाकाऊ' असं ऐकू येतंय. त्यांना फक्त एवढं विचारा: तुमचा पीसी बंद पडला तर आपण काय करायचं? ही काळजी त्यांनाही रात्री येत असणार. एकच एक्झी, दुसऱ्या पीसीवर बांधलेली, ताळा जुळलेली, त्यांच्या टेबलावर ठेवा. लिनक्सचा विषय त्यांनीच काढेपर्यंत थांबा. दोन महिने हे प्रामाणिकपणे करूनही त्यांनी सोर्स गिटमध्ये टाकायलाच नकार दिला, तर मला पुन्हा लिहा, मग नोकरीचं बोलू.

आणि उद्या त्यांच्याकडे जाताना त्या चारशेच्या ओळीचं प्रिंट घेऊन जा. माफी मागा आणि विचारा की हा आकडा कुठल्या कारखान्याच्या काट्यावर मिळाला, आधी किती ठेवून पाहिले होते. ते सांगतील ते तिथंच लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत त्या ओळीच्या डोक्यावर टाका, आणि तेच तुमचं गिटमधलं पहिलं कमिट होऊ द्या.